कोणाला पकडलं, कुठे ठेवलं? अटकेच्या रजिस्टरची गोष्ट

(एपिसोडची लेखी आवृत्ती. कलमं आणि तारखा ऐकताना निसटतात, म्हणून इथे जशाच्या तशा दिल्या आहेत.)



अमेरिकेत एखाद्या काउंटीच्या शेरीफची वेबसाइट उघडा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. बऱ्याच ठिकाणी तिथे कैद्यांची यादीच असते. नाव टाकलं की माणूस कधी आत आला, कोणत्या आरोपाखाली आला, जामिनाची रक्कम किती, सगळं दिसतं. पुष्कळदा फोटोसुद्धा. फोनवर, घरबसल्या, अर्ज-बिर्ज काही न करता.

आता आपल्याकडे या. समजा रात्री अकरा वाजता आर्णीतून एका पोराला पोलीस घेऊन गेले. घरच्यांना एवढंच सांगितलं, "चौकशी आहे, सकाळी सोडतो." सकाळ झाली, पोरगा आला नाही. फोन बंद. त्याची माय आर्णीच्या ठाण्यात जाते, तिथून कोणी म्हणतं यवतमाळला नेलं, कोणी म्हणतं एलसीबीला विचारा. तिच्या हातात मोबाइल आहे, डेटा पॅक आहे. तिने नेमकं कुठे बघायचं?

आजचा एपिसोड या एका प्रश्नाचा. उत्तर शोधायला गेलं की भलताच मोठा इतिहास निघतो, कारण अटकेचं रजिस्टर आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय. ते कोणी वाचायचं, हा प्रश्न मात्र फार उशिरा आला. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे माझ्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस जुना आहे, रीड ॲक्सेसची भांडणं नवी आहेत.

आधी शेरीफ म्हणजे कोण

शेरीफ आपल्याकडेही आहे बरं का. 'मुंबईचे नगरपाल' हे नाव ऐकलं असेल. दिलीपकुमार, सुनील गावसकर ही मंडळी त्या पदावर होऊन गेली. पण मुंबईचं हे पद मानाचं, समारंभापुरतं. त्यांच्या ताब्यात ना लॉकअप ना कैदी. अमेरिकेतला शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो, तो अटकही करतो आणि काउंटीचा तुरुंगही चालवतो. म्हणून अटक आणि तुरुंग, दोन्हींची माहिती त्याच्या एकाच वेबसाइटवर सापडते.

आपल्याकडे हे काम तीन खात्यांत वाटलेलं आहे. अटक पोलिसांची. कोठडी द्यायची की नाही, हे ठरवणार कोर्ट. आणि एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, की माणूस कारागृह विभागाकडे जातो. एका माणसाच्या नोंदी तीन ठिकाणी. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

१९३०: गवत कापलं म्हणून तुरुंग

यवतमाळ जिल्ह्यातली सगळ्यात गाजलेली अटक कोणती? माझ्या मते १० जुलै १९३० ची, पुसदची. मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला होता, पण वऱ्हाडाला समुद्र नाही. इथे सरकारचा जाच होता तो जंगलाचा. राखीव जंगलातलं गवत परवानगीशिवाय कापणं हा गुन्हा. मग तोच कायदा मोडायचा ठरला. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात, २१ जुलैला, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांना अटक झाली. नऊ महिन्यांची शिक्षा आणि अकोल्याचा तुरुंग.

ही नावं, तारखा, तुरुंग मी धडाधड सांगू शकतो, कारण ती माणसं मोठी होती आणि त्यांची चरित्रं लिहिली गेली. पण त्यांच्या मागे विळे घेऊन जे साधे शेतकरी, मजूर, आदिवासी जंगलात शिरले, त्यांचं चरित्र कोण लिहिणार? त्यांच्या आयुष्यातला तो दिवस कागदावर कुठे असेल, तर तो ठाण्याच्या आणि तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये. आणि ते रजिस्टर सरकारचं, सरकारसाठी.

यातली खरी गंमत पुढे आहे. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. अट काय? किमान ६ महिन्यांचा तुरुंगवास. पुढे महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी ती ३ महिन्यांवर आली. पुरावा काय? तुरुंगाचा दाखला. म्हणजे ज्या रजिस्टरमध्ये नाव लागलं की घराण्याची अब्रू गेली असं लोक मानायचे, त्याच रजिस्टरमधली ओळ आता सन्मानाचा पुरावा झाली. आणि ते कागद वाळवीने खाल्ले असतील, जळाले असतील तर? तर सोबतच्या कैद्याचं प्रमाणपत्र आणा, 'हा माझ्यासोबत आत होता' असं लिहून. विचार करा. साठी-सत्तरीचा एक म्हातारा गावोगाव फिरून आपल्यासोबत आत असलेला माणूस शोधतोय, कारण त्याच्याच आयुष्याची नोंद त्याच्या हातात नाही.

तुमच्या घरी पणजोबा 'जंगल सत्याग्रहात आत होते' असं कोणी सांगत असेल, तर एकदा कपाटातल्या जुन्या फायली उघडा. असा दाखला सापडला तर जपून ठेवा, स्कॅन करा.

रजिस्टर जेव्हा पिंजरा होतं

आता त्याच रजिस्टरची दुसरी बाजू. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात 'गुन्हेगार' आहे असं सरकारने जाहीर करायचं, मग जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्या जमातीच्या लोकांचं रजिस्टर बनवायचं. काही केलं असो वा नसो. त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हानही देता येत नव्हतं. सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था देशभर नेण्याची वाट मोकळी केली आणि बोटांचे ठसे घेण्याची सोयही दिली. हजेरी लावायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. हे पोटच्या लेकरांनाही चुकत नव्हतं, कारण शिक्का जन्माने बसायचा.

आपल्या विदर्भात हा शिक्का पारधी समाजाने सोसला. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी सवय राहते. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. आणि आजही कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारधी बेड्यावर जाते, ही तक्रार त्या बेड्यांवर तुम्हाला कोणीही ऐकवेल.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर आधी बातमीदारी केली आणि मग याचिका टाकली होती. कोर्टाने सांगितलं, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. जातीवरून कामं वाटणं बंद करा. आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची पोलिसांनी काळजी घ्यावी. २०२४ साली हे सांगावं लागलं, राजेहो! म्हणजे तोवर तो रकाना छापला जात होता आणि कोणीतरी निमूटपणे भरत होतं.

टेबलमधला एक कॉलम माणसाचं काय करू शकतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना या निकालाइतकं स्पष्ट कुठल्याही कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

रजिस्टर उलटं फिरतं

मग हे रजिस्टर पकडलेल्या माणसाच्या बाजूने कधी वापरलं जाऊ लागलं? इथे महाराष्ट्राचं एक नाव घ्यायलाच हवं, शीला बर्से. पत्रकार. त्यांनी मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाली. बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने निकाल दिला. महिलांसाठी वेगळे लॉकअप, महिला पहारेकरी आणि मुख्य म्हणजे हे: अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं आणि त्या व्यक्तीला विचारून तिच्या नातेवाइकाला किंवा मित्रालाही कळवायचं.

किती साधी गोष्ट आहे बघा. घरी सांगा. पण ही साधी गोष्ट सांगायला सुप्रीम कोर्ट लागलं.

त्यानंतर १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात कोर्टाने हेच सगळ्यांसाठी ठरवलं. आणि १८ डिसेंबर १९९६ ला आला डी. के. बसू निकाल. बसू हे पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे अध्यक्ष. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून १९८६ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. दहा वर्षांनी कोर्टाने अटकेचे ११ नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी. घरच्यांना कळवलं याची डायरीत नोंद हवी. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर ८ ते १२ तासांत तार करून कळवा. (तार! आपल्यातल्या अर्ध्या जणांनी तार पाहिलीही नसेल.) आणि अकरावा नियम असा: अटकेची माहिती १२ तासांत जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमला द्या, आणि ती तिथल्या नोटीस बोर्डावर लावा.

त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलंय की हे नियम आकाशवाणीवरून, दूरदर्शनवरून, स्थानिक भाषेतल्या पत्रकांतून लोकांपर्यंत पोचवावेत. तर मंडळी, आज हा पॉडकास्ट तेच राहिलेलं काम थोडंसं करतोय, असं समजा.

हा नोटीस बोर्ड लोकांची करमणूक व्हावी म्हणून आलेला नाही. माणूस कोठडीत मेला आणि पोलीस म्हणाले 'आम्ही पकडलाच नव्हता', असं होऊ नये म्हणून तो आला. नाव जाहीर झालं की माणूस गायब करता येत नाही. आपल्याकडे अटकेची माहिती खुली करण्याचं मूळ कारण हे आहे.

आज कायदा काय म्हणतो

बसू निकालातले नियम हळूहळू कायद्यात आले. १ नोव्हेंबर २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क (इंग्रजीतलं ४१-सी) लागू झालं: प्रत्येक जिल्ह्यात कंट्रोल रूम, बाहेर बोर्ड, त्यावर अटक झालेल्याचं नाव-पत्ता आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचंही नाव-हुद्दा. शिवाय राज्याच्या मुख्यालयात सर्वसामान्य जनतेच्या माहितीसाठी डेटाबेस ठेवायचा. हो, 'डेटाबेस' हाच शब्द कायद्यात होता.

१ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने घेतली. आता प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक नेमलेला अधिकारी हवा, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती ठेवणं त्याची जबाबदारी. आणि ती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल पद्धतही चालेल.

एफआयआरचं वेगळं. ७ सप्टेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, नेटची अडचण असलेल्या भागात फार तर ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, पॉक्सो असे संवेदनशील गुन्हे वगळून. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून एफआयआर पाहता येतात. पण आरोपपत्र? ते नाही. जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास या पत्रकाराच्या याचिकेवर कोर्टाने म्हटलं की आरोपपत्र हे सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सरसकट वेबसाइटवर टाकता येणार नाही.

आणि एक अगदी ताजा निकाल, आपल्याच राज्यातल्या खटल्यातला. ६ नोव्हेंबर २०२५, मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य. अटकेची कारणं लेखी द्या, कोणताही गुन्हा असो, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या. ताबडतोब लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा.

'समजेल अशा भाषेत' हे शब्द दिल्लीत साधे वाटतील. आपल्या जिल्ह्यात त्यांचं वजन वेगळं आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडे कोलामी आणि गोंडी बोलणारी माणसं आहेत, पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर गोरमाटी आहे. आजवर यातल्या किती जणांनी न समजलेल्या कागदावर अंगठा दिला असेल?

आर्णीच्या त्या आईने काय करायचं

आता मुद्द्याचं. तीन खाती लक्षात आहेत ना? त्याच क्रमाने जायचं.

पहिलं, पोलीस. ठाण्यात जाऊन विचारायचं, अटक दाखवली आहे का? दाखवली असेल तर गुन्हा क्रमांक काय? संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि माणूस कुठे ठेवलाय याची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्ह्याचा कंट्रोल रूम आणि कलम ३७ चा नेमलेला अधिकारी. गुन्हा क्रमांक मिळाला की लिहून ठेवा, पुढची सगळी दारं त्यानेच उघडतात. 'चौकशीला आणलंय' आणि 'अटक केलीय' यातला फरकही स्पष्ट विचारून घ्या.

दुसरं, कोर्ट. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो माणूस कोर्टात दिसायलाच हवा. पुढे ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून केस शोधता येते. पीसीआर की एमसीआर, हे तुमच्या वकिलाला लगेच कळतं.

तिसरं, कारागृह. इथे अमेरिकेसारखी नावानिशी खुली यादी आपल्याला मिळत नाही. ई-मुलाकातवर भेटीची वेळ मागता येते, पण कैद्याचा तपशील तुम्हालाच द्यावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि हेल्पलाइन नंबर १५१००. आता फोनमध्ये सेव्ह करा, मी थांबतो. आणि २४ तास उलटूनही माणसाचा पत्ताच लागत नसेल तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'माणूस आमच्यासमोर आणा' अशी याचिका. माहितीच्या अधिकारातही एक कमी माहीत असलेली तरतूद आहे: माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर उत्तर ३० दिवसांत नाही, ४८ तासांत द्यावं लागतं.

मग अमेरिकेसारखी यादी हवी का?

ऐकायला छान वाटतं, पण तिकडचं पुढचं वाचा. शेरीफच्या वेबसाइटवरचे फोटो काही खासगी वेबसाइट्सनी उचलले, आणि फोटो काढायचा असेल तर पैसे मागायला लागल्या. केस सुटली, माणूस निर्दोष ठरला, तरी नाव शोधलं की पहिला तोच फोटो. नोकरी गेली, भाड्याचं घर गेलं. शेवटी काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

आपल्याकडे वेबसाइटचीही गरज नाही, व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. अटक झाल्याची पोस्ट तासाभरात तालुकाभर फिरते. सुटल्याची पोस्ट कोणी टाकलेली पाहिलीय? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. दर चारांत तीन. तुरुंगातल्या माणसांची यादी म्हणजे गुन्हेगारांची यादी नव्हे, हे या दोन आकड्यांतच आहे.

म्हणून मला वाटतं, 'माहिती खुली हवी की बंद' हा प्रश्न अर्धवट आहे. १८७१ चं रजिस्टर माणसाला बांधून ठेवण्यासाठी लिहिलं होतं. १९९६ चा नोटीस बोर्ड माणूस गायब होऊ नये म्हणून लावला गेला. कागद सारखाच, नावंही त्याच गरीब घरांतली. आर्णीच्या आईला तिचा पोरगा पहिल्या तासात सापडला पाहिजे, आणि तो सुटल्यावर दहा वर्षांनी त्याच्या मालकाला तो फोटो सापडता कामा नये. हे दोन्ही एकाच सिस्टिममध्ये करता येतं. त्यात तांत्रिक अवघड काही नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. रेकॉर्ड कोणाला दिसेल, किती दिवस दिसेल, निकाल लागल्यावर अपडेट कोण करेल, एवढं ठरवायचं आहे.

तोवर एक काम करा. पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने पोलीस ठाण्यात गेलात, पासपोर्टच्या कामाला, हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीला, तर दोन मिनिटं भिंतीकडे बघा. अटक झालेल्यांची माहिती लावलेली दिसते का? कलम ३७ चा अधिकारी कोण, त्याचं नाव कुठे लिहिलंय का? नसेल तर शांतपणे, आदराने विचारा. विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा, फक्त अटक झालेल्या कोणाचं नाव किंवा फोटो पाठवू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. नमस्कार!